झोपेच्या गोळीची मर्यादा

रहिमतपूरसारख्या बाजारपेठेच्या गावात डायझेपाम वा अल्प्राझोलाम मागणारा माणूस त्या औषधाला 'झोपेची गोळी' एवढ्याच नावाने ओळखतो. ती मेंदूत नेमके काय करते, हे जाणण्याची गरज त्याला वाटत नाही. ती वाटली पाहिजे. कारण या गोळीचा गुण आणि धोका एकाच ठिकाणी दडलेले आहेत.

मेंदूतील पेशींची खळबळ शमविणारे 'गॅबा' नावाचे द्रव्य शरीर स्वतःच निर्माण करते. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीवर ते बसले की जणू दार उघडते, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी निवते. गोळी गॅबाची जागा घेत नाही. त्याच ग्राहीवरील निराळ्या खाचेत बसून ती दार अधिक वेळा उघडू देते. किल्ली शरीराचीच, गोळी केवळ बिजागरीला तेल घालते. या आडून होणाऱ्या परिणामास शास्त्रज्ञ 'अ‍ॅलोस्टेरिक' म्हणतात. किल्लीच फिरली नाही, तर तेल व्यर्थ! म्हणूनच मोठ्या मात्रेत दार स्वतःच उघडणाऱ्या जुन्या बार्बिट्युरेटांपेक्षा ही औषधे सुरक्षित ठरली.

लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून निघालेले डायझेपाम १९६३ साली बाजारात आले. मेंदूतील त्याची जागा सापडली १९७७ साली. औषध आधी, उमज मागाहून. आता क्रम पालटू पाहत आहे. ग्राहीचा एक प्रकार मुख्यतः गुंगी आणतो, तर दुसरा भीती कमी करतो, हे १९९९-२००० च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांत दिसले. तेव्हापासून नेमक्या दुसऱ्याच प्रकारावर काम करणारा रेणू घडविण्याची खटपट चालू आहे. अमेरिकेत २०२३ साली प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी मान्य झालेले झुरानोलोन याच ग्राहीवरील आणखी एका जागी बसते.

परंतु 'सुरक्षित' म्हणजे 'निर्धोक' नव्हे. मद्याबरोबर ही गोळी घेतल्यास श्वास मंदावतो. दीर्घकाळ घेतल्यास मेंदू तिला सरावतो आणि ती एकाएकी थांबविल्यास झटके येऊ शकतात. वृद्धांचा तोल जातो, तो वेगळाच. म्हणूनच २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचीनुसार दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव स्वतंत्र वहीत नोंदवून ती तीन वर्षे जपावयाची असते. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा गोळी नेणाऱ्याला ही वही म्हणजे उगाचची कटकट वाटते. वस्तुतः ती त्याच्याच रक्षणासाठी आहे. ज्यांना सवय जडली आहे, त्यांनी गोळी आपल्या मनाने न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी, हेच श्रेयस्कर.

प्रयोगशाळेने रेणूला एक मर्यादा घातली आहे. तिच्यापुढची मर्यादा दुकानदाराने आणि गिऱ्हाइकाने पाळावयाची आहे.