खांद्यावरचे ओझे उतरवायचे का? स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय कसा घ्याल

एप्रिल-मेमध्ये छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशीपार जातो, तेव्हा काही जणींना उन्हापेक्षा वेगळाच त्रास जास्त छळतो. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर पडलेल्या खाचा, स्तनांखालच्या घडीत घामाने उठणारे पुरळ आणि संध्याकाळपर्यंत आखडलेली मान. घरी सांगावे तर बहुतेक वेळा दोनच उत्तरे मिळतात. 'वजन कमी कर', नाहीतर 'लग्न, मुलंबाळं झाल्यावर बघू'.

अशा वेळी इंटरनेटवर 'ब्रेस्ट रिडक्शन' हा शब्द सापडतो आणि नवा गोंधळ सुरू होतो. हे सौंदर्यासाठीचे लाड आहेत की उपचार? करून घ्यावी की नको? एक गोष्ट आधी लक्षात घ्या. हा निर्णय आकारावर होत नाही. त्रास किती आहे, साधे उपाय करून झाले का आणि शस्त्रक्रियेनंतर जे कायमचे बदलते ते तुम्हाला मान्य आहे का, या तीन प्रश्नांवर तो होतो.

त्रास नेमका कशाचा?

स्तनांची वाढ जास्त होण्यामागे आनुवंशिकता, वयात येताना होणारे हार्मोनचे बदल, गरोदरपण, वाढलेले वजन अशी कारणे असतात. स्तनात चरबी आणि दुग्धग्रंथी दोन्ही असतात. त्यांचे प्रमाण प्रत्येकीत वेगळे असते. म्हणून वजन उतरल्यावर एकीचे स्तन लहान होतात, तर दुसरीचे फारसे बदलत नाहीत. 'वजन कमी कर' हा सल्ला चुकीचा नाही, पण तो सगळ्यांना लागू पडेलच असे नाही.

मानदुखी, पाठदुखीला इतर कारणेही असू शकतात. मणक्याचा त्रास, चुकीची बैठक, दिवसभर संगणकावर किंवा शिलाई मशीनवर वाकून काम. आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडून ते तपासून घ्या. दोन आठवडे रोज एक नोंद ठेवा. कुठे दुखले, किती वेळ, गोळी घ्यावी लागली का, पुरळ आले का, कोणते काम टाळले. डॉक्टरांसमोर 'खूप त्रास होतो' असे सांगण्यापेक्षा ही वही जास्त बोलते.

आधी काय करून पाहावे?

पहिली पायरी ब्राची. वजन खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे, तर छातीभोवतीच्या पट्टीने पेलायला हवे. संकोचामुळे अनेक जणी दुकानात नीट माप देत नाहीत आणि वर्षानुवर्षे चुकीच्या मापाची ब्रा वापरतात. घरीच टेपने स्तनांखालचा घेर आणि छातीचा घेर मोजा. रुंद पट्ट्यांची, घट्ट बसणारी ब्रा किमान महिनाभर वापरून बघा.

दुसरी पायरी फिजिओथेरपीची. पाठ आणि खांद्याच्या स्नायूंना बळकटी आली की काहींचे दुखणे आटोक्यात येते. पुरळासाठी घडी कोरडी ठेवणे, सुती कपडा आणि डॉक्टरांनी दिलेले मलम. पुरळ वारंवार येत असेल तर रक्तातली साखरही तपासा.

तरीही थांबले नाही तर? अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा स्त्रियांची पाहणी झाली होती. ब्रा, व्यायाम, वजन घटवणे अशा उपायांनी त्यांना कायमचा आराम मिळाला नव्हता. शस्त्रक्रियेने मात्र दुखणे बरेच कमी झाले. म्हणजे साधे उपाय करून पाहायचे, पण त्यातच दहा वर्षे काढायची गरज नाही.

एका खेळाडूचा निर्णय

रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिने २००९ मध्ये, सतराव्या वर्षी ही शस्त्रक्रिया करून घेतली. आकारामुळे कोर्टवर हालचाली मंदावत होत्या आणि पाठ दुखत होती. पुढे २०१८ मध्ये तिने फ्रेंच ओपन आणि २०१९ मध्ये विम्बल्डन जिंकले. खेळाडू नसते तरी हे केले असते, असे तिने सांगितले. सगळ्यांनी तिचे अनुकरण करावे असे नाही. पण रोजच्या जगण्यात येणारा अडथळा हे पुरेसे कारण असू शकते, एवढे यातून कळते.

शस्त्रक्रियेत काय होते?

वैद्यकीय भाषेत तिला 'रिडक्शन मॅमोप्लास्टी' म्हणतात. पूर्ण भूल देऊन साधारण दोन ते चार तास ती चालते. जादा त्वचा, चरबी आणि ग्रंथी काढतात. स्तनाग्राचा रक्तपुरवठा कायम ठेवून ते वरच्या जागी बसवले जाते. टाके स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि बऱ्याचदा स्तनाखालच्या घडीतही येतात. काढलेला भाग पॅथॉलॉजी तपासणीला पाठवतात. एक-दोन दिवस रुग्णालयात राहावे लागू शकते.

कायमचे काय बदलते?

इथे घाई करू नका.

• व्रण राहतात. काळानुसार फिकट होतात, पण पुसले जात नाहीत. आधीच्या जखमेचा व्रण जाड, उंच झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

• स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. काहींची परत येते, काहींची येत नाही.

• पुढे बाळाला पुरेसे दूध येईलच याची हमी देता येत नाही.

• दोन्ही बाजूंत थोडा फरक राहू शकतो. क्वचित जखम भरायला वेळ लागतो आणि फार क्वचित स्तनाग्राचा रक्तपुरवठा बिघडतो.

• वजन वाढले किंवा गरोदरपण आले तर आकार पुन्हा बदलू शकतो.

तंबाखू आणि मिश्रीबद्दल डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखम भरत नाही. सिगारेट, तंबाखू, मिश्री सगळेच शस्त्रक्रियेच्या किमान महिनाभर आधी बंद करावे लागते. मधुमेह आणि रक्तक्षयही आधी आटोक्यात आणावे लागतात.

कधी करावी?

स्तनांची वाढ थांबल्यावर, म्हणजे बहुधा अठरा वर्षांनंतर. जवळच्या काळात बाळाचा विचार असेल तर थांबणे बरे. बाळाचे दूध सुटून काही महिने गेल्यावर आकार स्थिरावतो. चाळिशीनंतर आधी मॅमोग्राफी करून घेतात. हाताला गाठ लागत असेल किंवा स्तनाग्रातून रक्त येत असेल, तर आधी त्याचीच तपासणी. शस्त्रक्रियेचा विषय नंतर.

पैसे आणि विमा

आरोग्य विम्यात दिसणे बदलण्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. पण त्याच कलमात एक अपवाद आहे. आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे आहेत असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले, तर दावा करता येतो. ही अट कडक आहे. म्हणून मानदुखीच्या तपासण्या, फिजिओथेरपीच्या पावत्या, पुरळाच्या औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा आणि विमा कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्या.

आरोग्यसेवेवर सहसा जीएसटी नसतो, पण सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के लागतो. तो बिलात धरला आहे का, हे अंदाजपत्रक घेतानाच विचारा. भूलतज्ज्ञ, पॅथॉलॉजी, सपोर्ट ब्रा आणि गुंतागुंत झाल्यास दुसरी शस्त्रक्रिया यांचा खर्चही लिहून मागा.

शहरात सुरुवात कुठून?

खासगीत जाण्याआधी घाटी रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागाच्या ओपीडीत दाखवून सल्ला घेता येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या दुखण्यासाठी काही बसते का, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. खासगी डॉक्टर निवडताना प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी पदवी पाहा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. महिन्याला अशा किती शस्त्रक्रिया करता, टाके कुठे येतील, त्रास झाला तर रात्री फोन कोण उचलेल, हे थेट विचारा. शक्य असेल तर दोन डॉक्टरांचे मत घ्या.

बैठे काम साधारण दोन आठवड्यांनी सुरू होते. जड उचलणे चार ते सहा आठवडे बंद. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी हंडे-बादल्या कोण भरणार, लहान बाळाला कोण उचलणार, हे तारीख घेण्याआधी ठरवा. स्कूटीही काही आठवडे बाजूला ठेवावी लागेल.

सही कुणाची?

घरच्यांशी बोलायलाच हवे, कारण बरे होताना मदत त्यांचीच लागते. पण संमती तुमचीच. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केले. रुग्ण भुलीत असताना डॉक्टरांनी तिच्या आईची परवानगी घेऊन ठरल्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया केली होती. सज्ञान, निर्णयक्षम रुग्णाच्या जागी आईची संमती चालत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

नवऱ्याने किंवा सासूने 'नको' म्हटले म्हणून दुखणे थांबत नाही. आणि मैत्रिणीला फायदा झाला म्हणून तुम्हाला होईलच असेही नाही. आजपासून दोन आठवड्यांची नोंद सुरू करा, मापाची ब्रा घ्या, मग डॉक्टरांची वेळ घ्या. तपासणीनंतर 'नको' असे ठरले, तरी तो निर्णय तुम्ही विचार करून घेतलेला असेल.