तरुण संशोधकास संस्थेचा आधार कशासाठी?

आमचे देणगीदार आणि रुग्णांचे आप्तेष्ट एक प्रश्न वारंवार विचारतात. दुसरबीडसारख्या गावातील रुग्णालयाने प्रत्येक रुपया खाटा, औषधे व परिचारिका यांवरच खर्चावा. संसर्गजन्य रोग आणि रोगप्रतिकारशास्त्र यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या तरुण संशोधकाचे पालकत्व त्याने का पत्करावे? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच या अहवालात त्याचा खुलासा करणे आम्हांस कर्तव्य वाटते.

वाल्डेमार हाफकिन यांना पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रथम मिळाली ती ग्रंथालयातील नोकरी. परंतु त्या नोकरीमुळे त्यांना प्रयोगशाळेचे दार खुले झाले आणि १८९२ साली त्यांनी पटकीची लस सिद्ध केली. पुढे १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. दोन्ही संस्थांनी दिले ते फार नव्हते: बसावयास जागा आणि काम करण्याची मुभा.

आपल्या विदर्भातही असे उदाहरण आहे. हत्तीरोगाच्या जंतांची सूक्ष्म पिल्ले बोटाच्या रक्तात प्रामुख्याने रात्री उतरतात. त्यामुळे रक्त तपासणाऱ्यास रात्री घरोघर फिरावे लागते. जंताचे अंश किंवा त्यांविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे रक्तात ओळखता आली, तर दिवसा घेतलेला नमुनाही उपयोगी पडतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिशेने दीर्घकाळ संशोधन केले. ही संस्था १९६९ साली सुरू झाली, ती कस्तुरबा रुग्णालयाच्या आधारे. रुग्ण आणि परीक्षानळी एकाच आवारात होती, हे त्या कामाचे बळ होते.

आमच्याकडे पावसाळ्यात शेतातून तापाने फणफणलेला रुग्ण येतो. डेंग्यू, हिवताप आणि स्क्रब टायफस पहिल्या दिवसांत सारखेच भासतात. स्क्रब टायफसची प्रतिपिंडे रक्तात दिसण्यास काही दिवस लागतात. त्यामुळे पहिली तपासणी फसवी ठरू शकते. खात्रीसाठी सुमारे दोन आठवड्यांनी दुसरा नमुना घ्यावा लागतो. तोवर रुग्ण बरा होऊन कामाला लागलेला असतो. त्याच्या गावी जाऊन तो नमुना आणणे, नोंद ठेवणे आणि दोहोंची तुलना करणे, हे काम वॉर्डातील डॉक्टरांस उसंतीअभावी जमत नाही. तरुण संशोधक हवा तो येथे.

अशा संशोधकांसाठी शिष्यवृत्त्या आहेत. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि लंडनची वेलकम ट्रस्ट ही धर्मादाय संस्था यांनी २००८ साली अशी एक संयुक्त योजना सुरू केली. मात्र अशा योजनांत उमेदवाराच्या पाठीशी यजमान संस्था असावी लागते. जागा, सोयी, संशोधनासाठी मोकळा वेळ, हिशेब आणि नीतिविषयक समितीची देखरेख यांची हमी तिने द्यावयाची असते. पैसा बाहेरून येऊ शकतो. जबाबदारी मात्र घरचीच असते.

महागडी प्रयोगशाळा उभारण्याची आमची ऐपत नाही. मोठ्या संस्थेची प्रयोगशाळा आणि आमचे रुग्ण यांमधील दुवा होणे मात्र आम्हांस शक्य आहे. रुग्णांच्या आप्तांस आमचे सांगणे इतकेच की, नमुना संमतीशिवाय घेतला जाऊ नये आणि नकार दिल्याने उपचारांत तिळमात्र फरक पडू नये, ही आमची पहिली अट राहील.

देणगीदारांसही एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. दिलेली खाट त्याच वर्षी डोळ्यांस दिसते. संशोधकास दिलेला आधार फळास येण्यास वर्षे लागतात, आणि कधी तो येतही नाही. तरीही पुढच्या पावसाळ्यात येणाऱ्या रुग्णास ‘ताप आहे’ एवढेच न सांगता ‘अमुक ताप आहे’ असे सांगता यावे, यासाठी हा आधार आम्हांस आवश्यक वाटतो. आपण याचा सहृदयतेने विचार करावा, ही नम्र विनंती.