सोंग नव्हे, दुखणे

आपल्या घरांत एक निकाल फार लवकर लागतो. तपासण्या स्वच्छ आल्या की म्हणतात, “सोंग घेतलंय.” मीही एकदा जवळपास हाच निकाल दिला होता. चाळिशीच्या एका गृहस्थांचा उजवा पाय अधूनमधून लुळा पडे. एमआरआय निर्दोष होता. “मनावर घेऊ नका,” एवढे सांगून मी त्यांना घरी पाठवले. ते माझे चुकले.

अशा लक्षणांना आता ‘कार्यात्मक’ म्हणतात. मेंदूची बांधणी शाबूत असते, बिघडतो तो त्याचा कारभार. १९०८ साली अमेरिकन डॉक्टर हूवर यांनी एक साधी खूण सांगितली. उताण्या झोपलेल्या रोग्याला लुळ्या पायाची टाच खाली दाबायला सांगावी. जोर येत नाही. मग चांगला पाय वर उचलायला सांगून त्यावर हाताने दाब द्यावा. आता तीच लुळी टाच आपोआप जोराने खाली दाबली जाते. म्हणजे ताकद आहे, पण लक्षपूर्वक सोडलेला हुकूम तिथवर पोहोचत नाही. पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी त्या गृहस्थांना हीच खूण करून दाखवली. त्यांचे खोटे पकडायला नव्हे, तर पाय सुधारू शकतो हा भरवसा द्यायला.

नंतर त्यांना स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचेही निदान झाले. स्वमग्नता किंवा एडीएचडी असलेल्या प्रौढांत झटके, कंप, लुळेपणा अशी कार्यात्मक लक्षणे अधिक आढळतात. आपल्या पिढीत अशा मुलाला ‘एककल्ली’ किंवा ‘धांदरट’ म्हणून सोडून देत. तो मोठा होतो, नोकरी करतो आणि चारचौघांसारखे दिसण्याची कसरत रोज करतो. मंगल कार्यालयातला गोंगाट त्याला सोसत नाही. आत होते ती भीती की थकवा, हेही पुष्कळदा सांगता येत नाही.

“घरात काय बिनसलंय?” या प्रश्नावरच अडून बसू नये. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली या निदानासाठी मानसिक ताणाची अट काढून टाकली.

मी होमिओपॅथ आहे, तरी सांगतो: अचानक लुळेपणा किंवा झटका आला तर माझ्याकडे नव्हे, आधी रुग्णालयात जा. फिटची चालू औषधे मनाने थांबवू नका. निदान पक्के झाल्यावर या विकाराची जाण असलेला फिजिओथेरपिस्ट, शांत खोली आणि ठरलेला दिनक्रम यांचा उपयोग होतो. घरच्यांनी एवढेच म्हणावे, “तुला होतंय ते खरं आहे.” मी हे म्हणायला उशीर केला, तुम्ही करू नका.