घड्याळाशी शर्यत, पण शीलाने!

आपल्या वस्त्यांतील मुले आता संगणकावर मोटारींच्या शर्यती खेळू लागली आहेत. आईवडील म्हणतात, "पोराचा वेळ वाया चालला!" ही काळजी रास्तच आहे. अभ्यास आणि झोप मोडून कोणताही खेळ नको. परंतु या खेळांतील ‘टाईम ट्रायल’ हा प्रकार पालकांनी समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

येथे आडवी येणारी दुसरी गाडी नसते. सामना फक्त घड्याळाशी. फ्रान्समधील नादेओ कंपनीने ‘ट्रॅकमेनिया नेशन्स फॉरेव्हर’ हा खेळ २००८ साली विनामूल्य दिला. त्याला भारी संगणक लागत नाही, साधा कीबोर्ड पुरतो. गाडी सर्वांना सारखी, रस्ताही तोच. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. पैसेवाल्याच्या मुलाला येथे वेगळी गाडी मिळत नाही. जिथे मैदान असे समान आहे, तिथे आपल्या मुलांनी मागे का राहावे?

वेळ कमी कशी होते?

प्रथम रस्ता पाठ करावा. पुढचे वळण आधीच ठाऊक असेल तर हात गडबडत नाही. मग रस्त्याचे टप्पे पाडून कोणत्या टप्प्यात वेळ जातो ते पाहावे. बहुतेक वेळ वळणावर जातो. वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग आवरावा, बाहेरच्या कडेने येऊन आतली कड गाठावी आणि पुन्हा बाहेर निघावे. वळणातून निघताना जो वेग हाती असतो, तोच पुढच्या सरळ रस्त्यावर कामी येतो. म्हणून घाईने शिरण्यापेक्षा नीट बाहेर पडणे महत्त्वाचे. उगाच डावी-उजवी बटणे दाबू नयेत. त्याने वेग घटतो.

आपल्याच उत्तम फेरीची पारदर्शक गाडी सोबत धावते, तिला ‘घोस्ट’ म्हणतात. एकदम अव्वल खेळाडूच्या मागे न धावता, आपल्याहून थोड्या सरस खेळाडूची घोस्ट लावावी. एका वेळी एकच बदल करावा आणि निकाल वहीत लिहावा. चुका वाढू लागल्या की उठावे.

लबाडी उघडी पडते

काहींनी मात्र दुसरी वाट धरली. खेळाचा वेगच गुपचूप मंद करायचा, सावकाश बटणे दाबायची आणि ती वेळ खरी म्हणून नोंदवायची! पण प्रत्येक फेरीच्या फाईलमध्ये कोणते बटण केव्हा दाबले हे साठलेले असते. २०२१ साली खेळाडूंनीच या नोंदी तपासल्या, तेव्हा कित्येक नामांकितांचे जुने विक्रम संशयास्पद ठरले. शिकण्यासाठी फेरीचे चित्रण मंद करून पाहणे हा अभ्यास आहे. मंद केलेल्या खेळातली वेळ खरी म्हणून मिरवणे हे असत्य आहे, आणि दुसऱ्याच्या कष्टाची जागा बळकावणेही आहे. पंचशीलातील दोन शिले येथे एकदम मोडतात.

स्पेनचा लुकास ऑर्डोनेझ ‘ग्रान तुरिस्मो’ खेळातून पुढे आला. निस्सान आणि सोनी यांनी २००८ साली घेतलेली पहिली जीटी अकॅडमी स्पर्धा त्याने जिंकली. २०११ साली ल मान्सच्या २४ तासांच्या खऱ्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या गटात दुसरा आला. खोट्या वेळेच्या जोरावर हे साधले असते काय? खऱ्या गाडीत हातचे कौशल्यच चालते.

म्हणून पालकांनो, मुलाला "कितवा आलास?" एवढेच विचारू नका. "कालच्यापेक्षा किती सुधारलास आणि कशामुळे?" असे विचारा. त्याची वही पाहा. बाबासाहेबांनी विद्येबरोबर शीलाचा आग्रह धरला, तो परीक्षेइतकाच खेळालाही लागू आहे. हजारावा क्रमांक आला तरी चालेल, पण तो आपल्या हाताचा असावा.

जयभीम!