सील, अस्वल आणि रात्रपाळी

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवणं, हे शुश्रूषेतलं सगळ्यात जड काम. जपानमधले शुश्रूषा कर्मचारी दिवसाला सरासरी ४० वेळा ते करतात, असं तिथल्या ‘रायकेन’ या संशोधन संस्थेने २०१५ साली सांगितलं होतं. यातली खरी मेख शरीराच्या रचनेत आहे. वाकल्यावर आपल्याला सरळ करणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. हात लांब करून उचललेलं वजन मात्र मणक्यापासून अर्ध्या मीटरवर असतं. तरफेची एक भुजा दुसरीच्या दहापट झाली, की वीस किलो तोलण्यासाठी स्नायूंना दोनशे किलोइतका जोर लावावा लागतो. तो सगळा दाब कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो. वाकलेल्या धडाचं स्वतःचं वजन वेगळंच. इस्पितळातल्या मावशी कंबर धरून का चालतात, हे यावरून कळावं.

यावर उपाय म्हणून रायकेनने ‘रोबेअर’ आणला. अस्वलाचा गोड चेहरा, दोन जाड हात, वजन १४० किलो. आधीचं यंत्र २३० किलोचं होतं. हातांवर रबराचे स्पर्शसंवेदक बसवलेले, त्यामुळे अंगाचा भार कुठे किती पडतोय ते यंत्राला कळायचं. सांध्यांतल्या गिअरचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवलेलं. रुग्णाने ढकललं तर लोखंडी हात हट्ट न धरता मागे सरकायचा. तळाचे पाय उचलताना पसरायचे आणि दारातून जाताना मिटायचे. अभियांत्रिकी म्हणून हे फारच सुंदर काम होतं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी अस्वलाचे फोटो छापले. अस्वल मात्र प्रयोगशाळेतून बाजारात कधी आलंच नाही.

जपानला अशा यंत्रांची एवढी निकड का, ते सांगायला दोन आकडे पुरेत. तिथे ६५ वर्षांवरच्यांचं प्रमाण सुमारे २९ टक्के आहे. आणि सरकारच्याच अंदाजानुसार २०४० पर्यंत शुश्रूषेसाठी आणखी ५ लाख ७० हजार माणसं लागतील.

जे बाजारात आलं आणि टिकलं ते उचलणारं यंत्र नव्हतं. ते होतं मांडीवर बसणारं. जपानी अभियंते ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून ‘पारो’वर काम सुरू केलं. हार्प सीलचं पांढरं, मऊ केसांचं, तान्ह्या बाळाएवढ्या वजनाचं पिल्लू. कुत्रा किंवा मांजर का नाही? कारण खरा कुत्रा सगळ्यांना ठाऊक असतो. यंत्राचा कुत्रा त्याच्यापुढे लगेच उघडा पडतो. सीलचं पिल्लू कुशीत घेतलेला माणूस विरळा, त्यामुळे तुलनाच होत नाही. स्पर्श, उजेड, आवाज, तापमान आणि आपण कुठल्या बाजूला कललोय, एवढं पारोला कळतं. कुरवाळलं की तो डोळे मिटतो, फटका मारला की कुरकुरतो. चार्ज करायची वायर चोखणीच्या रूपात तोंडात द्यायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याला दाद द्यायला हवी. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याची वैद्यकीय उपकरणांत वर्गवारी केली. किंमत सुमारे सहा हजार डॉलर.

पण त्याचा उपयोग होतो का? ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या वेंडी मॉयल यांनी याची नेटकी परीक्षा घेतली. क्वीन्सलँडमधली २८ शुश्रूषागृहं, स्मृतिभ्रंश असलेले ४१५ वृद्ध आणि तीन गट. एका गटाला पारो, दुसऱ्याला तोच पारो पण यंत्रणा बंद केलेला, म्हणजे निव्वळ मऊ खेळणं, आणि तिसऱ्याला नेहमीची देखभाल. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या देखभालीपेक्षा पारोने मनःस्थिती सुधारली. माणसं त्याच्याशी बोलली, त्याच्याकडे बघत राहिली. पण बंद खेळण्याच्या तुलनेत फरक पडला तो या गुंतण्यातच. बाकी बाबतींत पारो सरस ठरला नाही. सहा हजार डॉलर मोजण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

याहून बोचरं निरीक्षण मानववंशशास्त्रज्ञ जेम्स राइट यांचं. कानागावा प्रांतातल्या एका शुश्रूषागृहात राहून त्यांनी तीन रोबोटांची चाचणी जवळून पाहिली. २०२३ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. माणसं उचलणारा ‘हग’ काही दिवसांतच कोपऱ्यात गेला. तो या खोलीतून त्या खोलीत ढकलत नेण्यातच वेळ जायचा, आणि आजी-आजोबांशी बोलायची उसंत मिळायची नाही. ‘पेपर’ नावाचा बाहुला व्यायाम शिकवायचा खरा, पण शेजारी उभं राहून त्याची नक्कल करायला एक कर्मचारी लागायचाच. आणि पारो? एक आजी त्याची कातडी सोलायला बघायच्या. दुसऱ्या आजी त्याच्याशिवाय जेवायला किंवा झोपायला तयार नसायच्या. त्यामुळे पारोवर लक्ष ठेवणं हे आणखी एक काम होऊन बसलं. यंत्र हलवायचं, पुसायचं, चार्ज करायचं, परत जागेवर ठेवायचं. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ही कामं नसतात.

मग काहीच उपयोगाचं नाही का? आहे, पण त्याला चेहरा नाही, म्हणून त्याचे फोटो छापून येत नाहीत. जपानी शुश्रूषागृहांत गादीखाली एक सपाट पट्टी ठेवतात. श्वास, हृदयाचे ठोके आणि कुशीवर वळणं, यांनी गादीला बारीक कंप सुटतात. पट्टी ते टिपते. अमुक खोलीतले आजोबा झोपलेत, जागे आहेत की उठून बसलेत, हे रात्रपाळीच्या माणसाला पडद्यावर दिसतं. प्रत्येक दार उघडून बघण्यात आजोबांची झोप मोडायची आणि कर्मचाऱ्याचे पाय दुखायचे. ते कमी होतं. उठून बसलेल्या आजोबांकडे ते पडायच्या आत जाता येतं. अर्थात, जाणारा माणूसच असतो.

माझ्या मते या यंत्रांचं मोल ठरवायची कसोटी हीच: त्यांनी माणसाचा वेळ वाचवला की खाल्ला? संशोधक कॅरेन एगलस्टन आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या ८६० शुश्रूषागृहांची माहिती तपासली, तेव्हा रोबोट घेणाऱ्या ठिकाणी माणसं घटलेली दिसली नाहीत. उलट लवचिक करारावरचे कर्मचारी वाढले होते आणि त्यांना टिकवून ठेवणं सोपं झालं होतं.

यंत्रं आली तरी माणसं लागतातच, हे जपान सरकारलाही उमगलेलं दिसतं. एप्रिल २०१९ पासून तिथे परदेशी कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा आहे, आणि त्यातल्या क्षेत्रांमध्ये शुश्रूषा आहे. भारताने जानेवारी २०२१ मध्ये त्यासाठी जपानशी करार केला. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलामुलींनी हे नोंदवून ठेवावं. शुश्रूषेच्या या व्हिसासाठी कामाच्या कौशल्याची परीक्षा असते, जपानी भाषेची असते, आणि वृद्धांशी, आजाऱ्यांशी ज्या जपानीत बोलायचं तिची आणखी एक वेगळी परीक्षा द्यावी लागते.