जहाज नदीतून जाते, बांधणारे कुठे राहतात?

जर्मनीतील पापेनबुर्ग हे गाव समुद्रापासून आत, एम्स नदीकाठी आहे. तरीही १७९५ साली स्थापन झालेल्या तेथील मायर कारखान्यात तीनशे मीटरहून लांब प्रवासी जहाजे बांधली जातात. तयार जहाज अरुंद नदीतून सुमारे ४० किलोमीटर एम्डेनकडे न्यायचे, हे मोठे जिकिरीचे काम!

गान्दरसुम येथे २००२ पासून दरवाजांचा बंधारा आहे. त्याचे दरवाजे लावून नदीत पाणी साठवतात. मग एक टगबोट पुढे, एक मागे आणि जहाज बहुधा उलटे, मागचे टोक पुढे करून निघते. तसे ते वळवायला सोपे पडते. वाटाडे आधी यंत्रावर सराव करतात. काठावर बघ्यांची गर्दी लोटते.

पण वाचकहो, जहाज बांधणाऱ्या हातांचे काय? जुलै २०१३ मध्ये पापेनबुर्गमध्ये निवासाच्या घराला आग लागून दोन रुमानियन कंत्राटी कामगार मेले. ते ठेकेदाराचे कामगार होते. त्यानंतर धातू कामगार संघटनेने कंपनीशी करार करून कंत्राटी कामगारांच्या वेतनाचे व निवाऱ्याचे किमान नियम ठरवून घेतले.

२०२४ साली कंपनी अडचणीत आली, तेव्हा सरकारने सुमारे ८० टक्के हिस्सा घेऊन तिला तारले. कामगाराला मात्र संघटनाच तारते. १९४२ ते १९४६ श्रमखाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामगारांना कायद्याचा आधार दिला. तो आधार कंत्राटी बांधवांपर्यंत पोहोचवणे हे आपले काम आहे.