राणीचं डोकं फिरलं, भाव चढला

कलकत्त्याच्या सर्व्हेयर जनरलच्या कचेरीचा धंदा नकाशांचा. १८५४ साली तिथल्या शिळाछापखान्याच्या गळ्यात एक वेगळंच काम पडलं. अंतर कितीही असो, पाव तोळ्याच्या पत्राला सगळ्या हिंदुस्थानात अर्धा आणा असा एकच दर ठरला होता आणि त्यासाठी तिकिटं हवी होती. कॅप्टन थुइलियर यांनी ती जबाबदारी अंगावर घेतली. अर्ध्या आण्याचं तिकीट आधी शेंदरी रंगात छापलं, पण विलायतेहून आलेली शाई संपली आणि देशी शेंदराच्या शाईने छापायच्या शिळाच झिजू लागल्या. शेवटी निळ्यावर भागवलं. अशी धडपड करत १ ऑक्टोबर १८५४ रोजी तिकिटं विक्रीला आली.

त्याच महिन्यात चार आण्यांचं तिकीट निघालं. ते दुरंगी होतं: अष्टकोनी चौकट लाल, आतला व्हिक्टोरिया राणीचा मुखडा निळा. एकाहून अधिक रंगांत छापलेल्या जगातल्या अगदी पहिल्या तिकिटांत त्याची गणना होते. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराचं कबुतराचं तिकीट त्याच्या नऊ वर्षं आधीचं. दोन रंग म्हणजे दोन शिळा, आणि तोच कागद दोनदा यंत्राखाली. एकदा चौकट उमटायची, एकदा मुखडा. या दोन फेऱ्यांच्या मध्ये कोणाच्या तरी हातून कागदाचं खालचं टोक वर गेलं आणि चौकटीत राणी शीर्षासन करू लागली.

ही गफलत ना छापखान्यात कोणाला दिसली, ना पोस्टात. लोकांनी तिकिटं कात्रीने कापली, पाकिटांवर डकवली, पोस्टाने त्यांवर शिक्के मारले. लंडनच्या फिलाटेलिक सोसायटीच्या बैठकीत हे उलटं डोकं प्रथम चर्चेला आलं ते १८७४ साली, म्हणजे तब्बल वीस वर्षांनी. आज अशी तिकिटं जगात तिसाच्याही आत उरली आहेत. त्यातलीही बरीचशी अष्टकोनाच्या कडेने कापलेली, कारण तेव्हाच्या लोकांना तिकीट तसं कापलेलंच नेटकं वाटायचं. चारही बाजूंनी चौकोनी कापलेला नग दिसणं म्हणजे संग्राहकाच्या जन्माचं सार्थक.

छापखान्याच्या दृष्टीने रद्दी असलेल्या कागदाला लोक सोन्याहून जास्त मोल का देतात? दुर्मिळता हे उत्तर खरं, पण अपुरं. निर्दोष तिकीट आपण कसं तयार झालो याचा पत्ता लागू देत नाही. चुकलेलं तिकीट सगळं ओकून टाकतं. राणी उलटी आहे म्हणूनच कळतं, की चौकट आणि मुखडा वेगळे छापले होते, आणि मधे कोणाचा तरी हात आला होता.

स्वीडनचं पिवळं तिकीट हेच सांगतं. १८५५ सालच्या तीन स्किलिंगच्या तिकिटाचा रंग निळसर हिरवा. पिवळसर रंग आठ स्किलिंगचा. १८८०च्या दशकात एका शाळकरी पोराला घरातल्या जुन्या कागदांत तीन स्किलिंगचंच, पण पिवळं तिकीट सापडलं. छपाईचा साचा सुट्या ठशांचा असे. आठच्या साच्यातला बिघडलेला ठसा बदलताना चुकून तीनचा बसवला गेला असावा, असा जाणकारांचा निष्कर्ष आहे. तसलं दुसरं तिकीट आजतागायत मिळालेलं नाही. १९९६ साली झुरिकच्या लिलावात त्याला २८ लाख ७० हजार स्विस फ्रँक आले.

संग्राहकांच्या बोलीत या चुकांची प्रतवारी ठरलेली आहे. रंगच गायब, डोकं उलटं, दातेरी भोकं पाडायचीच राहून गेली, अशा ठसठशीत चुकीला ‘एरर’ म्हणायचं. कागद दुमडला गेला, शाई सांडली, भोकं तिकिटाच्या मधूनच गेली, तर तो ‘फ्रीक’. तो एकदाच घडतो, पुन्हा तसाच घडत नाही. तिसरा प्रकार ‘प्लेट फ्लॉ’. साच्यातल्या एका ठरावीक जागी ओरखडा किंवा खड्डा पडलेला असतो आणि प्रत्येक शीटवर, त्याच ओळीतल्या त्याच घरात तो मुकाट उमटत राहतो. मुरलेल्या संग्राहकाचा जीव या तिसऱ्या प्रकारात अडकलेला असतो. लिलावात बोली लावायला पैसा लागतो, इथे नुसती नजर लागते.

अशा प्लेट फ्लॉच्या नमुन्यासाठी नाशिककडे वळलं पाहिजे. हिंदुस्थानची तिकिटं १८५५ नंतर लंडनच्या दे ला रू कंपनीत छापली जात. १९२५ साली नाशिक रोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि ते काम गोदाकाठी आलं. ९ फेब्रुवारी १९३१ रोजी नवी दिल्ली या राजधानीच्या उद्घाटनानिमित्त सहा तिकिटांची मालिका निघाली, तीही नाशिकचीच. त्यातलं सगळ्यात स्वस्त पाव आण्याचं, हिरवट-तपकिरी. त्यावर जुन्या किल्ल्याचं चित्र आणि इंग्रजीत ‘पुराना किला’ हे नाव. भिंग लावून या नावाचं पहिलं अक्षर बघायचं. ‘पी’च्या पोटाची उजवी कड नाहीशी झाली की मागे राहतो तो ‘एफ’. काही तिकिटांवर नेमकं तेच झालं आहे आणि पुराना किल्ल्याचा ‘फुराना किला’ झाला आहे. स्टॅन्ली गिबन्सच्या कॅटलॉगात त्याची स्वतंत्र नोंद आहे.

तेच तिकीट आता उलटं करून काळ्या थाळीत ठेवायचं आणि वर बेन्झिनचे दोन-चार थेंब टाकायचे. क्षणभर कागद काळसर होतो आणि त्यातल्या जलचिन्हाचे तारे वर येतात. या मालिकेत ते आडवे पडलेले आहेत. काहींत टोकं डावीकडे, काहींत उजवीकडे. कागद यंत्रात कोणत्या अंगाने सरकवला, एवढाच काय तो फरक. पण दोन्ही प्रकार जवळ असल्याशिवाय संग्राहकाला चैन पडत नाही. बेन्झिन उडून जातं आणि तिकीट पूर्ववत होतं. खिडकी उघडी ठेवायची आणि काडीपेटी लांब, एवढंच पथ्य.

छपाईची तऱ्हा बदलली की चुकांचीही तऱ्हा बदलते. नाशिकला फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने छापलेली पहिली तिकिटं म्हणजे १९५२ सालची संत-कवींची मालिका. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर हे तिचे मानकरी. या पद्धतीत नळकांड्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. त्यांत शाई भरते आणि वरची जादा शाई पोलादी पातं पुसून काढतं. पात्याखाली एखादा कण अडकला की शाईची बारीक रेघ शीटवरून सरळ धावत जाते. शिळाछापाच्या तिकिटावर अशी रेघ येणार नाही. जाणकार माणूस चूक पाहून यंत्र ओळखतो.

मात्र चूक असली की भाव चढतो, हा समज खोटा आहे. १५ ऑगस्ट १९४९ रोजी निघालेल्या पुरातत्त्व मालिकेत एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती आरशातल्यासारखी उलटी छापली गेली, डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली. चूक मोठीच होती. पुढच्या वर्षी जुलैत मूर्ती सुलटी करून तिकीट पुन्हा काढावं लागलं. पण ही चूक मूळ चित्रातच असल्याने एकूण एक तिकिटात उतरली, त्यामुळे ते आजही किरकोळ पैशांत मिळतं. मोल येतं ते हजारो शहाण्यांतून निसटलेल्या एखाद्या वेड्याला.

अमेरिकेत हे दोन्ही बाजूंनी सिद्ध झालं. १९१८च्या मे महिन्यात विल्यम रोबी नावाच्या माणसाने वॉशिंग्टनच्या पोस्टातून २४ सेंटच्या विमान-तिकिटांचं शंभराचं शीट २४ डॉलरला घेतलं. शंभरही विमानं पाठीवर पडलेली! आठवड्याभरात ते पंधरा हजार डॉलरना गेलं. त्यातल्या एकाच तिकिटाला २०२३ साली २० लाख डॉलर आले. याउलट १९६२ साली संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांच्या स्मरणार्थ काढलेल्या तिकिटाचा पिवळा रंग उलटा छापला गेला आणि न्यू जर्सीच्या लेनर्ड शर्मन यांना तसं अख्खं शीट मिळालं. अमेरिकेच्या पोस्टखात्याने काय करावं? तीच चूक मुद्दाम करून आणखी ४ कोटी तिकिटं छापली. शर्मन कोर्टात गेले, पण उशीर झाला होता. चूक जाणूनबुजून केली की ती चूक राहत नाही आणि बाजाराला हे चांगलं कळतं.

जिथे पैसा तिथे लबाडी आलीच. दातेरी कड कापून तिकीट ‘बिनभोकाचं’ म्हणून विकणं हा जुना धंदा; म्हणून अशा चुकीची निदान जोडी तरी हवी, सुट्या नगावर विश्वास नको. महिनोन् महिने उन्हात ठेवून किंवा रसायनात बुडवून रंग उडवला की हिरव्यातलं पिवळं निघून जातं आणि ‘रंग गायब’ची पाटी लावता येते. चोरवाट छापखान्यातूनही निघते: रद्दीत जाणारे खराब कागद परस्पर बाहेर पडतात. त्यांना ‘प्रिंटर्स वेस्ट’ म्हणतात आणि पोस्टाच्या खिडकीतून विकल्या गेलेल्या चुकीचा मान त्यांना मिळत नाही. महागड्या नगाला तज्ज्ञ मंडळाचं प्रमाणपत्र मागतात ते यासाठीच.

नव्याने या वाटेला लागणाऱ्याने लिलावांच्या बातम्या बाजूला ठेवाव्यात. एकाच स्वस्त तिकिटाचे वापरलेले शंभर-दोनशे नग घ्यावेत. जुन्या बाजारात ते वजनावरसुद्धा मिळतात. पाकिटाचा तुकडा चिकटलेला असेल तर साध्या पाण्यात भिजवून सोडवावेत, टिपकागदावर वाळवावेत आणि दहापट भिंगाखाली एकेक शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. एखाद्यावर न शोभणारा ठिपका दिसला तर तो बहुधा उडालेला शाईचा थेंब. पण तोच ठिपका, त्याच जागी, वेगळ्या गावाचा शिक्का असलेल्या दुसऱ्या तिकिटावरही निघाला, तर समजावं की साच्याची एक जखम हाती लागली आहे. मग कडेचा कोरा कागद शाबूत असलेली तिकिटं, जोड्या, चौकड्या जमवत ती जखम शीटच्या कोणत्या ओळीत, कितव्या घरात होती याचा माग काढायचा. चार आण्यांच्या तिकिटाच्या शिळा अभ्यासकांनी पुन्हा मांडून दाखवल्या त्या याच चिकाटीने. आपल्या ठिपक्याची कॅटलॉगात नोंद असेल किंवा नसेलही. नसली, तर ती करण्याचा पहिला हक्क ज्याने तो पाहिला त्याचा.